टॅब परत देऊन मागितलेली माफी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा सात वर्षांचा. टॅब बंद करायला सांगितलं, गृहपाठाला बसवलं किंवा खेळात हरला की थयथयाट करतो. वस्तू फेकतो, आईच्या अंगावर धावून येतो, "तू घाण आहेस, तू मला नकोस" म्हणतो. आई आधी समजावते, मग ओरडते, कधी धपाटा घालते. मग तिला वाईट वाटतं आणि ती टॅब परत देते. बाबांसमोर मुलगा चिडीचूप असतो, त्यामुळे "तूच लाडावून ठेवलंयस" हेही ऐकावं लागतं. शाळेतून तक्रार नाही. आईने विचारलंय: त्याला राग आवरायला कसं शिकवू, आणि माझं नेमकं काय चुकतंय?

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, "मग मला वाईट वाटतं आणि टॅब परत देते." तुम्ही ते कबुलीजबाबासारखं लिहिलंय. मला मात्र तिथेच उत्तराचा धागा सापडतो, म्हणून तिथून सुरुवात करते.

जेराल्ड पॅटरसन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. आक्रमक मुलांच्या घरी जाऊन त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं नोंदी घेतल्या: कोण काय बोललं, त्यावर समोरच्याने काय केलं, पुढे काय झालं. त्यातून दिसलं ते असं. मूल किंचाळतं, आई माघार घेते, किंचाळणं थांबतं. मुलाला वस्तू मिळाली हे आपल्या लक्षात येतं, पण आईलाही काहीतरी मिळालेलं असतं: शांतता. म्हणजे माघार घेण्याचं बक्षीस तिलाही लगेच मिळतं. पुढच्या वेळी ती माघार घेत नाही, मुलाच्या वरचा आवाज काढते आणि मूल दबकतं. आता मोठ्याने ओरडण्याचंही बक्षीस तिच्या पदरात पडलं. दोघंही एकमेकांना नकळत एकच गोष्ट शिकवत राहतात, की या घरात आवाज चढवला तरच काम होतं. यात कुणी वाईट नसतं. दोघं रोज एकेक पायरी वर चढतात आणि वर्षभराने शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या उंचीवर पोचतात.

त्यात तुमच्याकडे कधी टॅब मिळतो, कधी मिळत नाही. अनिश्चितपणे मिळणारं बक्षीस सगळ्यात चिवट सवय लावतं, हे बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं. दहा वेळा नाही म्हणून अकराव्यांदा दिलंत, तर मूल "आई नाही म्हणते" हे शिकत नाही. "अकरा वेळा ताणावं लागतं" हे शिकतं.

पण तुम्ही टॅब का देता? दमून नव्हे. तुम्ही ओरडलात किंवा हात उचललात, त्याची बोच लागते म्हणून. तुम्ही टॅबच्या रूपाने माफी मागता. मुलाला मात्र ते माफीसारखं दिसत नाही. त्याला दिसतं की नियम मोडला. म्हणजे जे द्यायला हवं होतं, दोन शब्द, ते त्याला मिळालंच नाही. आणि जे द्यायचं नव्हतं ते मिळालं.

या दोन गोष्टी वेगळ्या करणं हे तुमचं पहिलं काम आहे. ओरडण्याबद्दल माफी मागायची, शब्दांत, छोटी. आणि टॅब बंदच राहील. दोन्ही एका दमात म्हणता येतं: "मी तुझ्यावर ओरडले, ते चुकलं. तू दचकलास ना? टॅबची वेळ मात्र संपलेली आहे." या माफीत "पण तूसुद्धा" आलं की ती माफी राहत नाही, तक्रार होते. त्याच्याकडून लगेच माफीची अपेक्षाही धरू नका. आणि डोळ्यांत पाणी आणून "आई वाईट आहे ना रे?" असं त्याला विचारू नका, मग रागावलेल्या मुलालाच आईची समजूत काढत बसावं लागतं.

माफी मागितली तर धाक उरणार नाही, असं अनेक पालकांना वाटतं. माझा अनुभव उलट आहे. एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे आठवतो. त्यात आई बाळाशी खेळता खेळता काही मिनिटं चेहरा निर्विकार ठेवते. बाळ हसतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, शेवटी कासावीस होऊन तोंड फिरवतं. प्रयोगाचा तेवढाच भाग लोकांना ठाऊक असतो आणि तो ऐकून आयांना अपराधी वाटतं. ट्रॉनिक यांच्या पुढच्या कामातला भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एरवीच्या चांगल्या खेळातसुद्धा आई आणि बाळ बराच वेळ एकमेकांशी जुळलेले नसतातच. ते चुकतात, पुन्हा सूर लागतो, पुन्हा चुकतात. तुटलेलं सांधता येतं, हा अनुभव बाळाला त्यातूनच येतो. सात वर्षांच्या मुलालाही तोच हवा असतो.

आता पहिला व्यावहारिक नियम. टॅब द्यायचा असेल तर पहिल्याच मागणीला द्या, मोकळ्या मनाने. द्यायचा नसेल तर शेवटपर्यंत देऊ नका. निर्णय मागणीच्या क्षणी घ्यायचा, किंचाळण्याच्या क्षणी नाही. "आणखी पाच मिनिटं" म्हणाला आणि तुम्हाला खरंच हरकत नसेल, तर तिथेच हो म्हणा. नकार कमी ठेवा आणि ते पाळा.

हे सुरू केलंत की पहिले काही दिवस त्याचा आकांत वाढेल. जे बटण आजवर चालायचं ते चालेनासं झालं की माणूस आधी ते जोरजोरात दाबतो, तसंच हे. बहुतेक घरं नेमकी याच टप्प्यावर हार मानतात आणि मुलाला एक नवी, वरची पट्टी शिकवून ठेवतात. म्हणून घरी पाहुणे असताना, तुमच्या कामाची धांदल असताना किंवा परीक्षेच्या आठवड्यात हा प्रयोग सुरू करू नका. चार-सहा दिवस गोंधळ सोसता येईल अशी वेळ निवडा.

प्रत्यक्ष वादळात काय करायचं? फार थोडं. मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी दीड ते पाच वर्षांच्या मुलांच्या आकांडतांडवाचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातले तीन चतुर्थांश प्रसंग पाच मिनिटांच्या आत संपलेले होते. आईवडिलांना तो अर्धा तास वाटतो, हे मान्य. या अभ्यासातून आणखी एक गोष्ट कळते. किंचाळणं, लाथा मारणं, फेकाफेक हा रागाचा भाग सुरुवातीला उसळतो आणि ओसरतो. रडणं, कुरकुरणं, जवळ येऊ पाहणं हा दुःखाचा भाग मात्र राग ओसरल्यावरही शिल्लक असतो. तुमचा मुलगा त्या वयाच्या पुढचा आहे, पण माझ्याकडे येणाऱ्या मोठ्या मुलांमध्येही हा क्रम मला सतत दिसतो. म्हणून उसळीच्या वेळी उपदेश, "का केलंस?", "शेवटचं सांगते", "शांत हो" हे सगळं आगीत तेल. त्या वेळी त्याला तुमचं व्याकरण समजत नाही, फक्त आवाजाची पट्टी कळते.

तेव्हा दोनच कामं. कुणाला लागू नये हे बघणं, आणि स्वतः न पेटणं. फेकता येण्याजोग्या वस्तू बाजूला करा. तो मारायला आला तर हात धरा किंवा मागे सरा आणि एकदाच म्हणा, "मी तुला मारू देणार नाही." खाली बसा, थोडं तिरकं, त्याच्याकडे रोखून न पाहता. मग थांबा. उसळी ओसरून आवाज रडवेला झाला, की जवळ जाण्याची वेळ आली. ते लाड नव्हेत. टॅब मिळालेला नाही, कूस मिळाली आहे.

दीर्घ श्वासाचं सगळेच सांगतात. ते खरं आहे, कारण सावकाश सोडलेल्या उच्छ्वासाबरोबर हृदयाचे ठोके मंदावतात. घेण्यापेक्षा सोडणं लांबलं पाहिजे. पण किंचाळणाऱ्या मुलाला "श्वास घे" म्हणणं म्हणजे बुडणाऱ्याला पोहायचे धडे देणं. आठवडाभर झोपायच्या वेळी, मजा म्हणून करा. पोटावर खेळणं ठेवून ते वर-खाली करायचं, किंवा समोर मेणबत्ती आहे असं धरून ज्योत हलेल पण विझणार नाही इतक्या हळू फुंकायची. शांतपणी अंगात मुरलेलं असेल तर रागात कधीतरी आठवेल. पहिल्या पंधरवड्यात आठवणार नाही, हे धरूनच चाला.

आणि उशीला ठोसे मारायला सांगू नका. राग बाहेर काढला की तो संपतो, हा समज प्रेशर कुकरवरून आलेला असावा. माणूस कुकर नाही. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये ६०० विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, ज्याने चिडवलं त्याला आठवत बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारणारे विद्यार्थी अधिक रागावलेले राहिले. काहीच न करता नुसते बसलेले तुलनेने शांत निघाले. उड्या मारू दे, पळू दे, पण मनात कुणाला तरी बडवत नको.

भावनेला नाव देणं उपयोगी आहे, फक्त वेळ चुकवू नका. भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डला या भागाची धडधड कमी होते, हे मॅथ्यू लिबरमन यांच्या गटाने २००७ मध्ये मेंदूच्या चित्रणातून दाखवलं. ते मोठ्या माणसांवर, प्रयोगशाळेत. घरात, ऐन भरात "तुला राग आलाय ना?" विचारलंत तर "नाही आलाऽऽ!" हेच उत्तर येणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. हे काम नंतरचं आहे, रात्रीचं. आणि "राग" हा एकच शब्द पुरवू नका. मराठीत चीड आहे, वैताग आहे, रुसवा, हिरमोड, हेवा, अपमान, ओशाळणं आहे. खेळात हरल्यावर तुमच्या मुलाला जे होतं ते बहुधा राग नसून हिरमोड असतो, त्यात थोडी लाज मिसळलेली. हरल्याची लाज दाखवण्यापेक्षा सोंगट्या उधळणं सोपं जातं. "तुझा हिरमोड झाला. जिंकणार असं वाटत होतं ना?" एवढं म्हणून गप्प बसा. तो हो म्हणाला नाही तरी चालेल. या वयाची मुलं ऐकल्याचं कबूल करत नाहीत आणि चार दिवसांनी तोच शब्द वापरतात.

आता टॅब, गृहपाठ आणि बाबा.

टॅबच्या बाबतीत घड्याळापेक्षा नैसर्गिक शेवट पकडा: हा डाव संपला की, हा भाग संपला की. खेळाच्या मध्यावर "दोन मिनिटं राहिली" ही सूचना अनेकदा नुसता चिथावणीचा भोंगा ठरते. दुसऱ्या खोलीतून हाक मारू नका. जवळ जाऊन बसा, पडद्यावर काय चाललंय ते अर्धा मिनिट बघा, विचारा. बंद करायचं बटण त्यालाच दाबू द्या. आणि पुढचं काहीतरी तयार असू द्या, कारण पडद्यावरून थेट गृहपाठावर उडी मारणं कुणालाच जमत नाही. तुम्हीही ऑफिसचं काम उघडण्यापूर्वी दहा मिनिटं मोबाइल चाळताच की.

गृहपाठावर मी जरा जास्त थांबेन. पंधरा दिवस नोंद ठेवा: गोंधळ कोणत्या विषयाला होतो? वाचायचं, लिहायचं म्हटलं की, पण तोंडी सगळं सांगतो, असं आहे का? अक्षरं गाळतो, फळ्यावरचं उतरवून घेताना मागे पडतो? मग हा रागाचा प्रश्न नसून वाचन-लेखनातल्या अडचणीचा असू शकतो. शाळेतून तक्रार नाही याचा अर्थ शाळेत सगळं ठीक आहे, असा नेहमी नसतो. काही मुलं वर्गात दिवसभर दात-ओठ आवळून गप्प बसतात आणि घरी आल्यावर फुटतात, जसे आपण साहेबासमोर हसून घरी येऊन दार आपटतो. शिक्षकांना "वागतो कसा?" असं न विचारता "मोठ्याने वाचायची पाळी आली की काय करतो?" असं विचारा. शंका आली तर तपासणी करून घ्या. कानाची आणि डोळ्यांचीही.

बाबांना माझा एक साधा प्रश्न आहे. आठवड्यातून किती वेळा टॅब तुम्ही बंद करायला लावता? किती वेळा गृहपाठाला बसवता, अंघोळीला पिटाळता? बहुतेक घरांत याचं उत्तर प्रामाणिकपणे दिलं की "माझ्यासमोर शहाणा असतो" या वाक्यातली हवा निघते. ठिणगी पडते त्या जागी उभंच राहायचं नाही आणि माझ्याकडे आग लागत नाही म्हणायचं, असं होतं. खेरीज भीतीने गप्प बसणं म्हणजे आवरणं नव्हे. भीतीची व्यक्ती खोलीबाहेर गेली की ते संपतं. २०१६ मध्ये एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी पन्नास वर्षांतल्या संशोधनांचा एकत्र हिशेब मांडला. त्यात १,६०,००० हून जास्त मुलं होती. धपाटे खाणाऱ्या मुलांत आक्रमकता आणि मानसिक त्रास जास्त आढळला, फायदा काही आढळला नाही. हट्टी मुलं मारही जास्त खातात, हे खरं; त्यामुळे सगळा दोष माराचा, असं केवळ या आकड्यांवरून म्हणता येत नाही. पण ज्या उपायाचा फायदाच सापडत नाही तो करायचा कशाला? तेव्हा बाबांनी आठवड्यातले तीन दिवस टॅब बंद करण्याचं काम अंगावर घ्यावं, न धमकावता. सल्ला नंतर द्यावा.

"माझं काय चुकतंय" याचं आणखी एक उत्तर राहिलं. काही मुलं जन्मतःच तीव्र असतात. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये मुलांचा तान्हेपणापासून पाठपुरावा केला. त्यात साधारण दहा टक्के मुलं "अवघड" स्वभावाची निघाली: जोरात रडणारी, बदल न सोसणारी, झोपेच्या-भुकेच्या वेळा न जुळणारी. तुमचा मुलगा तान्हा असताना कसा होता, आठवा. तसाच असेल तर हा स्वभाव तुम्ही घडवलेला नाही. त्याच्याशी घराचा मेळ कसा बसवायचा, एवढंच तुमच्या हातात आहे.

तुमच्या स्वतःच्या रागाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. मला विचाराल तर घरात राग आवरण्याचे धडे पहिल्यांदा मोठ्यांनी गिरवायचे असतात, आणि याचं कारण नैतिक नाही. मेंदूचा जो पुढचा भाग आवर घालतो, तो विशीच्या मध्यापर्यंत पिकत राहतो. तुमच्याकडे तो तयार आहे, त्याच्याकडे अजून नाही. तोवर तो तुमचा उसना घेतो. पण उसना देण्याइतका तुमच्याकडे शिल्लक हवा. तेव्हा ओरडण्याच्या आधी तुमच्या शरीरात काय होतं ते शोधा. कानशिलं तापतात? जबडा आवळतो? आवाज उलट खाली जातो? ती खूण दिसली की एक ठरलेलं वाक्य म्हणा: "मला राग येतोय. मी दोन मिनिटांत येते." जा, आणि दोन मिनिटांत या. न परतणारी आई ही मुलासाठी धमकी असते.

त्या क्षणी डोक्यात कोणतं वाक्य येतं तेही पकडा. "हा मुद्दाम करतोय." "मला जुमानत नाही." "लोक म्हणतील हिला मूल सांभाळता येत नाही." हात उठतो तो बहुतेक वेळा या वाक्यामुळे, फेकलेल्या पेल्यामुळे नाही. "मुद्दाम करतोय"च्या जागी "याला जमत नाहीये" ठेवून बघा. नेहमी खरं असेल असं नाही, सात वर्षांची मुलं मुद्दामही करतात. पण त्या वाक्याने हात खाली राहतो.

शांत दिवसांतही थोडी गुंतवणूक हवी. शीला आयबर्ग यांनी विकसित केलेल्या पालक-मूल उपचारपद्धतीत रोज पाच मिनिटांचा खेळ सांगतात, आणि ही मात्रा मी जवळजवळ प्रत्येक घराला देते. पाच मिनिटं, खेळ त्याने निवडायचा. प्रश्न नाहीत, सूचना नाहीत, शिकवणं नाही; तो जे करतोय ते बघायचं, बोलून दाखवायचं आणि आवडलं ते नेमकं सांगायचं. करून बघा, न शिकवता पाच मिनिटं बसणं किती कठीण आहे ते कळेल. आणि ही पाच मिनिटं शिक्षा म्हणून कधीही कापायची नाहीत, सर्वांत वाईट दिवशी तर नाहीच. झोपेकडेही बघा: सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास लागतात. घोरत असेल, झोपेत तळमळत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

प्रगती मोजताना गोंधळ किती वेळा झाला ते मोजू नका, तो सावरायला किती वेळ लागला ते मोजा. आधी तेच बदलतं. चाळीस मिनिटांचे पंचवीस झाले तरी कॅलेंडरवर खूण करा.

यापलीकडे तज्ज्ञाकडे कधी जायचं? असे स्फोट आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा, वर्षभर, घराबाहेरही होत असतील आणि मधल्या काळातही मूल दिवसचे दिवस चिडलेलंच असेल, तर थांबू नका. २०१३ पासून अशा चित्राला वेगळं निदान आहे. मुलांमधलं नैराश्यही पुष्कळदा उदासीऐवजी चिडचिडीतून दिसतं. स्वतःला इजा करणं, मरायच्या गोष्टी बोलणं, प्राण्यांना छळणं, किंवा शांत मूल अचानक बदलणं, यापैकी काहीही असेल तर वर्षभर थांबायचं नाही, लगेच जायचं. आणि मारताना आपला हात थांबणार नाही अशी भीती तुम्हाला कधी वाटली असेल, तर पहिली भेट तुमच्यासाठी ठरवा, मुलासाठी नंतर.

तुम्ही ताजा कलम लिहिलाय: "तू मला नकोस" म्हणाला की काय बोलू? "मग जा तुझ्या बाबांकडे" हे नको. "असं म्हणतात का आईला?" हेही नको. "ऐकलं मी. मी इथेच बसलेय," एवढं म्हणा. तो बहुधा रात्री, अंधारात, दिवा घालवल्यावर विचारेल की तुला वाईट वाटलं का. खोटं बोलू नका. "हो, थोडा वेळ वाटलं होतं" म्हणा आणि त्याला पांघरूण घाला.